मत्स्यत्वचेतील परावर्तक पेशी

माशांच्या त्वचेतील ज्या पेशी रंगद्रव्याविना, केवळ प्रकाश परावर्तित करून रंग दाखवतात, त्यांना परावर्तक पेशी किंवा इरिडोफोर म्हणतात. काळे रंगकण बाळगणाऱ्या मेलॅनोफोर पेशींहून त्यांची रीत अगदी निराळी आहे.

इरिडोफोरमध्ये ग्वानिनच्या अतिशय पातळ स्फटिकचकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पेशीद्रवाचे थर असतात. डीएनएच्या घटकांपैकी एक असलेल्या ग्वानिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचे माप, सुमारे १.८, तर पेशीद्रवाचा पाण्याच्या जवळपास म्हणजे १.३ च्या आसपास असल्यामुळे प्रत्येक सीमेवरून थोडाथोडा प्रकाश परततो. या परतलेल्या लहरींच्या व्यतिकरणातून, म्हणजे त्या एकमेकींत मिसळल्याने, एक विशिष्ट तरंगलांबी, अर्थात एक विशिष्ट रंग, ठळक होते. चकत्यांमधील अंतर वाढले की रंग तांबड्याकडे सरकतो, घटले की जांभळ्याकडे. बदल नॅनोमीटरांत (मीटरच्या अब्जाव्या भागांत) मोजण्याइतका सूक्ष्म, पण डोळ्याला तो स्पष्ट दिसतो.

याचे सर्वांत सोयीचे उदाहरण बडोद्यातील अनेक मराठी घरांच्या मत्स्यपेटीत पोहत असते: ॲमेझॉन खोऱ्यातला निऑन टेट्रा. रात्रभर अंधारात राहिलेल्या पेटीतील दिवा सकाळी लावताच पाहावे. अंगावरचा आडवा पट्टा आधी जांभळट असतो आणि पुढे हळूहळू निळा-हिरवा होत जातो. शेपटीकडील लाल भाग रंगद्रव्याचा असल्याने तो या खेळात सामील होत नाही. येथे चकत्या, रावपुऱ्यातील जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना असणाऱ्या झिलमिलीच्या तिरक्या फळ्यांसारख्या, एकत्र कलतात आणि त्यामुळे त्यांच्यातील अंतर व प्रकाशाशी होणारा कोन दोन्ही बदलतात, असे मानले जाते. विशेष म्हणजे या माशाच्या इरिडोफोर पेशी प्रकाशाला थेटही प्रतिसाद देतात. डोळ्यांकडून निरोप येण्याची त्यांना गरज नसते.

निळ्या डॅम्सेल माशात मात्र सूत्रे अनुकंपी, म्हणजे इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या, चेतातंतूंच्या हाती असतात. त्यांतून स्रवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिन या निरोप्या रसायनामुळे चकत्यांमधील अंतर वाढते आणि निळा रंग हिरव्याकडे झुकतो. वेगात पॅराडाइज व्हिपटेल हा सागरी मासा पुढचा: त्याच्या पट्ट्याचा रंग सुमारे ०.२५ सेकंदात निळ्यापासून लालपर्यंत जाऊ शकतो.

सर्वच इरिडोफोर असे चपळ नसतात. बाजारातील रोहू किंवा पापलेटाच्या अंगाची चंदेरी चमकही ग्वानिनचीच, परंतु तेथील स्फटिक स्थिर असतात, त्यामुळे मासा मेल्यावरही ती काही काळ टिकते. अशाच खवल्यांतून काढलेल्या ग्वानिनचा लेप कृत्रिम मोत्यांना देण्याची पद्धत युरोपात सतराव्या शतकापासून होती.