कॉलेजमध्ये सायकोसिसची प्राथमिक चाळणी: पात्रता, कागदपत्रं आणि पुढची पायरी

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून दमलेल्यांना आधी हे सांगतो: सायकोसिसच्या, म्हणजे भास आणि वास्तव यातला फरक कळेनासा होणाऱ्या मानसिक आजाराच्या, चाळणीला उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातप्रमाणपत्र यातलं काहीच लागत नाही. कॉलेजचं ओळखपत्र खिशात असलं की झालं.

पात्रता म्हणजे कॉलेजात प्रवेश असणं, एवढंच. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेला किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणं बंधनकारक केलं आहे. समुपदेशन कक्ष कुठे आहे ते ऑफिसात विचारा. कारण सांगायची गरज नाही. वय १८ पूर्ण नसेल, म्हणजे अकरावी-बारावीची बहुतेक मुलं, तर उपचारांच्या टप्प्यावर पालकांना सोबत घ्यावं लागतं.

चाळणीसाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, पीक्यू-१६. त्यात १६ विधानं असतात आणि प्रत्येकाला होय किंवा नाही म्हणायचं. कोणी नसताना आवाज ऐकू येणं, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटणं, अशा स्वरूपाची. साधारण सहा किंवा अधिक 'होय' आले तर पुढे सविस्तर मुलाखत होते. सहा 'होय' म्हणजे आजार ठरला, असं नव्हे. परीक्षेच्या आधी चार रात्री जागलेल्यालाही खोलीत कुणीतरी हाक मारल्याचा भास होतो. प्रश्न पुस्तकी मराठीत कळले नाहीत तर अहिराणीत किंवा पावरीत समजावून मागा. अर्धवट समजून दिलेलं उत्तर काही कामाचं नाही.

मुलं गळतात ती इथेच, पहिल्या भेटीनंतर. फॉर्म भरतात, मुलाखतीला येत नाहीत. 'वेडा म्हणतील' ही धास्ती असते, किंवा घरचे 'बाहेरचं झालंय' म्हणून आधी भगताकडे नेतात. भगताकडे जायचं तर जा, पण मुलाखतीची तारीख चुकवू नका. सायकोसिस बहुधा विशीच्या आसपासच सुरू होतो, आणि उपचाराविना जितके महिने जातात तितकं सावरणं अवघड होतं. एकट्याने जायला नको वाटत असेल तर रूम पार्टनरला दारापर्यंत न्या.

घरी किंवा प्राचार्यांना कळेल का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र अपवाद होतो. याच कायद्यात एक उपयोगी कागद आहे: १८ वर्षांवरील कोणीही साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयांत मदत करणारा माणूस, ठरवू शकतो. वडीलच हवेत असं नाही. मामा चालेल, मोठी बहीण चालेल, फक्त ती व्यक्ती सज्ञान आणि तयार असावी. हा कागद बरं असतानाच करून ठेवा.

मुलाखतीनंतर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं, तर आपल्या खानदेशात जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. केसपेपरसाठी आधार कार्ड आणि समुपदेशकाची चिठ्ठी न्या. आधीची औषधं चालू असतील तर पाकिटासकट. कॉलेजात कक्षच नसेल, किंवा रात्री दोनला मन थाऱ्यावर नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. तिथे मराठीत बोलता येतं.