उकळून चावायचा माऊथगार्ड घ्यायचा का डेंटिस्टकडनं मापाचा बनवून घ्यायचा?

माऊथगार्ड म्हणजे खेळताना दातांना मार बसू नये म्हणून दातांवर बसवायचं मऊ कवच. पालक दोन्हीला माऊथगार्डच म्हणतात आणि दुकानात जो हाताला लागेल तो घेऊन येतात, पण या दोन्हीत लई फरक आहे.

दुकानातला गरम पाण्यात मऊ करून लेकरानं तोंडात धरून चावायचा, की दातांचा ठसा बसतो. गडबड इथंच होते. पोरं सगळा जोर लावून चावतात, मटेरियल बाजूला सरकतं आणि जिथं जाडी पाहिजे तिथंच पातळ होतं. वर तो सैल बसला की दात आवळूनच धरावा लागतो, मग कबड्डीत चढाईला गेलेल्या पोरानं दम घ्यायचा कसा? कबड्डी-कबड्डी स्पष्ट ऐकू आलं नाही तर पंच चालू देत नाहीत, म्हणून पोरगं गार्ड काढून सॉक्समध्ये खोचतं आणि पकडीत कुणाचा तरी गुडघा सरळ समोरच्या दातांवर बसतो.

मापाच्या गार्डला डेंटिस्ट वरच्या दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करतात, त्यावर ईव्हीए नावाच्या लवचिक प्लास्टिकची शीट तापवून बसवतात, जाडी साधारण 3 ते 4 मिमी ठेवतात. नीट बनलेला असला तर तोंड उघडलं तरी पडत नाही, श्वास घेता येतो, बोलता येतं. महाग पडतो हे खरंय. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, प्रायव्हेटचा खर्च झेपत नसेल तर तिथं एकदा विचारून बघा.

मग सगळ्यांनी मापाचाच घ्यावा का? मला तसं वाटत नाही. साधारण 6 ते 12 वयात दुधाचे दात पडत असतात, कायमचे येत असतात, आज फिट्ट बसलेला गार्ड काही महिन्यांत बसेनासा होतो, त्या वयात उकळायचाच घ्या पण मोठ्या माणसानं समोर बसून बसवून द्या आणि सैल झाला की बदला. कायमचे दात आले की मापाचा. दातांना तारा असतील तर मात्र घरी उकळून बसवायच्या भानगडीत पडूच नका, तो दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटला अडकतो, तारा लावणाऱ्या डॉक्टरलाच विचारा.

उन्हाशी दोन्हीचं वाकडं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत राहिला की आकार गेलाच समजा, थंड पाण्यानं धुवून भोकं असलेल्या डबीत ठेवायचा. आणि डोक्याला बसणारा मार यातला कुठलाच थांबवतो असं धरून चालू नका.

बॉक्सिंगवाल्यांनी लाल रंगाचा घेऊ नका, नियमात चालत नाही, तोंडातून रक्त आलं तर लालवर दिसत नाही.