ग्राफिक्स कार्ड बदलायचं का? पैसे देण्याआधी हे तपासा

गेम अडकायला लागला की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. पुष्कळदा तो खरा असतो. पण रॅमची एकुलती एक पट्टी, धुळीनं बुजलेला हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग), १४४ हर्ट्‌झचा असून ६० वर चालणारा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा मॉनिटर ही कारणंही दुरुस्तीच्या टेबलावर वरचेवर निघतात, आणि त्यांच्यावर नवं कार्ड हा उपाय नाही. कार्ड विकणं हा आमचा धंदा आहे; तरी जे आठवड्याभरात 'काही फरक पडला नाही' म्हणून परत येणार, ते न विकलेलं बरं.

उदाहरणासाठी २०१९-२० च्या सुमारास बांधलेला एक पीसी धरू: इंटेल आय-फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड, ८ जीबी रॅम, कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी मॉनिटर. तुमचे पार्ट वेगळे असले तरी तपासायची रीत हीच.

आधी बघा, कमी कोण पडतंय

एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्याबरोबर येणारा रिव्हाट्यूनर टाकला की गेम चालू असतानाच कोपऱ्यात आकडे दिसतात. जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) वापर, तापमान, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर, रॅम आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) एवढे चालू करा. गेममधलं व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा, नाहीतर आकडे फसवतील. मग जिथे गेम हमखास अडकतो तिथे जाऊन पंधरा-वीस मिनिटं खेळा. मेन्यूवरच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

जीपीयू वापर ९५ ते ९९ टक्के आणि एफपीएस तरीही अपुरा, तर कार्डच कमी पडतंय. वापर ६०-७० वर रेंगाळतोय आणि एफपीएस वाढत नाही, म्हणजे कार्ड रिकामं बसलंय. प्रोसेसर किंवा रॅम त्याला काम पुरवू शकत नाही. इथे टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण टक्का पाहून निष्कर्ष काढू नका. सहा कोरपैकी एक-दोन भरले की गेम अडतो, एकूण आकडा मात्र ५० च्या आसपासच दिसू शकतो.

आकडे वाचायचा कंटाळा असेल तर आणखी सोपी चाचणी आहे. तोच गेम, तीच जागा, फक्त रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. एफपीएस भरपूर वाढला तर अडचण कार्डात. ५५ चा जेमतेम ५८ झाला, तर कितीही महागडं कार्ड लावा, ५८ च्या आसपासच राहाल. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे गेम कमी सेटिंगवर खेळणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हाच प्रकार असतो.

व्हीरॅमचं दुखणं वेगळं दिसतं. एफपीएस बरा असतो, पण कॅमेरा वळवला की झटका बसतो, भिंतींवरचं चित्र आधी पुसट येतं आणि मग उमटतं. फक्त टेक्श्चर (पृष्ठभागांवरच्या चित्रांचा दर्जा) एक पायरी खाली आणा, बाकी काही बदलू नका. झटके थांबले तर व्हीरॅम अपुरा आहे. ४ जीबीवर नव्या गेममध्ये हे व्हायचंच.

कार्ड न बदलता सुटणारी प्रकरणं

रॅम: ९४००एफ दोन चॅनेलवर चालतो, एकच पट्टी लावली की अर्धा रस्ता बंद. शिवाय विंडोज, डिस्कॉर्ड आणि ब्राउझर उघडे असताना ८ जीबीत नव्या गेमला जागा उरत नाही. दोन सारख्या पट्ट्या मिळून १६ जीबी करा. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, चालू आहे का तेही पाहून घ्या.

मॉनिटर: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट दिसतो. नवी केबल लावल्यावर किंवा विंडोज टाकल्यावर तो गुपचूप ६० वर गेलेला असतो.

उष्णता: पहिली दहा मिनिटं गेम छान चालतो आणि मग ढेपाळतो, तर तापमान बघा. बरीच एनव्हिडिया कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. मे महिन्यात, बंद कपाटातल्या कॅबिनेटमध्ये, हे ठरलेलंच. पीसी बंद करून, प्लग काढून ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. तरीही तापमान उतरलं नाही तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहणारा लेप) वाळलेली असते. पेस्ट बदलताना मेमरीवरचे पॅड फाटले तर त्याच जाडीचेच पॅड हवेत. जाड लावले की चिपवर हीटसिंक नीट टेकत नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं.

कार्डच कमी पडत असेल तर

आपल्या उदाहरणातल्या पीसीला रेडिऑन आरएक्स ६६०० (८ जीबी, १३२ वॉट) किंवा आरटीएक्स ३०६० (१२ जीबी, १७० वॉट) शोभतं. आमचा कल ३०६० कडे: ते पूर्ण १६ लेनचं (मदरबोर्डशी माहितीची ने-आण करणाऱ्या मार्गांचं) कार्ड आहे, त्यामुळे जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये त्याचं काही अडत नाही, आणि १२ जीबी पुढेही पुरेल. मात्र ३०६० ची ८ जीबी आवृत्तीही निघाली होती आणि ती स्पष्टपणे हळू आहे. खोक्यावर १२ वाचूनच पैसे द्या. आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॉट घेतं. वीज आणि उष्णता ही अडचण असेल तर ते घ्या. याच्या वरच्या कार्डांवर ९४००एफसोबत खर्च करू नका, प्रोसेसर त्यांना पुरा पडत नाही.

दोन कार्डं या पीसीत टाळा. आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरतं. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्या लेनचा वेग निम्मा होतो, आणि ४ जीबी व्हीरॅम भरून वाहिला की ते जागच्या जागी अडखळतं. इंटेल आर्क बी५८० हे एरवी चांगलं कार्ड, पण त्याला रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि इंटेलच्या यादीत दहाव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत; ९४००एफ नवव्या पिढीचा.

एफपीएस नीट असूनही बदलायचं एक कारण उरतं. डूम: द डार्क एजेससारख्या गेमला रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायचं) हार्डवेअर लागतंच, जीटीएक्स मालिकेतल्या एकाही कार्डात ते नाही. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेसाठीचे नियमित गेम ड्रायव्हरही एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहेत. १६५० त्यातून वाचलंय.

एसएमपीएस: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

स्टिकरवरचा मोठा '४५० वॉट' सोडा. त्याखालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा आणि १२ नं गुणा. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर ते झाले २१६ वॉट. आरएक्स ६६०० चे १३२ आणि प्रोसेसरचे ६५ मिळून १९७ इथेच संपतात. बोर्ड, डिस्क, पंखे आणि क्षणिक उसळी अजून बाकी आहे. असा पीसी गेममध्येच अचानक बंद पडतो आणि लोक कार्ड खराब समजतात. एएमडी या कार्डासाठी ४५० वॉट सुचवते, एनव्हिडिया ३०६० आणि ४०६० साठी ५५०, पण ते वॉट खरे हवेत.

बहुतेक १६५० कार्डांना वेगळी वीज लागत नाही, स्लॉटमधले ७५ वॉट पुरतात. म्हणून अशा पीसीतल्या एसएमपीएसला अनेकदा कार्डाला वीज देणारी ६+२ पिनची केबलच नसते. तेव्हा साटा किंवा मोलेक्सवरून (डिस्क वगैरेंच्या वीजजोडांवरून) जोडणारी स्वस्त कन्व्हर्टर केबल लावू नका. साटाच्या जोडावर १२ व्होल्टचे जेमतेम ५४ वॉट मिळतात, आठ पिन मागते १५० पर्यंत, प्लास्टिक वितळतं. तसंच ४+४ पिनची केबल प्रोसेसरची असते. तिची उलटसुलट वायरिंग कार्डात जबरदस्तीनं बसवली की शॉर्ट. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलला तर जुन्या केबलही काढा, दिसायला सारख्या असल्या तरी पिनची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते.

यूपीएसही मोजा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. नव्या कार्डानंतर लाइट गेल्या क्षणी पीसीही गेला, तर लोड जास्त झालाय.

बसवताना

कॅबिनेटमध्ये स्लॉटच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यांपर्यंतची जागा मिलिमीटरमध्ये मोजा. तीन पंख्यांची काही कार्डं ३०० मिमीच्या पुढे जातात. एनव्हिडियाकडून एएमडीकडे जाताना सेफ मोडमध्ये डीडीयूनं (ड्रायव्हर पूर्ण पुसणाऱ्या सॉफ्टवेअरनं) जुना ड्रायव्हर काढा. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, मग स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून जुनं कार्ड उचला. नवं बसताना खिट्टी टक्कन लागली पाहिजे.

मॉनिटरची केबल कार्डालाच लावा. ९४००एफमधल्या 'एफ'चा अर्थ त्यात ग्राफिक्स नाही, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयवर काहीच दिसणार नाही. तरीही स्क्रीन काळी राहिली तर जुनं कार्ड परत लावून बायोस अपडेट करा आणि सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची सोय) बंद करा. विंडोजची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल, तर बॅकअप घेऊन आधी विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी साधनानं ती बदला, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही.

सेकंडहँड घेताय?

इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं आणि तिथली कार्डं बाजारात आली. त्यातलं प्रत्येक खराब नसतं, पण पंखे आणि पॅड झिजलेले असतात. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडर (चिपमधली गणित करणारी एककं) मोजा: खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४, तर '२०४८एसपी' नावानं येणारं मुळात ५७० च्या दर्जाचं. दुकानातच पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवायला सांगा. सिरियल नंबर खरवडलेला असेल किंवा जीएसटी बिल नसेल तर वॉरंटी नाही असंच धरून भाव करा.

आमच्याकडे येताना तीन गोष्टी मोबाइलमध्ये आणा: एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो, बाजूचं झाकण काढलेल्या कॅबिनेटचा फोटो आणि गेम अडकतो त्या क्षणी कोपऱ्यात आकडे दिसणारा स्क्रीनचा फोटो. पीसी उचलून आणायची बहुतेक वेळा गरज पडत नाही.