धोतराच्या निऱ्या जपानी चित्रकारांना कुणी शिकवल्या?

२४ जानेवारी २०२५ला ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा १९९२चा ॲनिमेशनपट फोर-के रूपात देशभरच्या थिएटरांत लागला. लहानपणी टीव्हीवर तो पाहिलेले प्रेक्षक त्याला सर्रास ‘जपानी रामायण’ म्हणतात. हे नाव अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मुंबईचं आहे.

सुरुवात १९८३ची. युगो साको हे जपानी माहितीपटकार पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांचं अलाहाबादजवळचं उत्खनन चित्रित करत होते. त्यातून ते रामकथेकडे ओढले गेले आणि जपानी भाषेतली दहा रामायणं त्यांनी वाचून काढली. दरम्यान माहितीपटाची बातमी छापून आली. परका माणूस रामायणावर सिनेमा काढतोय असं समजून विश्व हिंदू परिषदेने जपानच्या वकिलातीकडे निषेध नोंदवला. साकोंनी गैरसमज दूर केला, पण तोवर सिनेमाची कल्पना त्यांच्या मनात रुजली होती. राम देव आहे, तेव्हा कुणा नटाने तो उभा करण्यापेक्षा चित्रातून साकारावा, असं त्यांचं म्हणणं. भारत सरकारने विषय नाजूक म्हणून भागीदारी नाकारली आणि बरंचसं काम जपानमध्ये झालं.

मुंबईचे राम मोहन या चित्रपटाचे सहदिग्दर्शक, कोइची सासाकी दुसरे. राम मोहन १९५६मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये लागले. त्यांना शिकवायला डिस्नेतले क्लेअर वीक्स आले होते. पुढे ‘भुवन शोम’ आणि ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटांमधली ॲनिमेशनं राम मोहन यांनीच केली. म्हणजे साको आले तेव्हा राम मोहन यांच्या हातात तीन दशकांचं काम होतं.

त्याचा उपयोग कुठे झाला, हे पडद्यावर बारकाईने पाहिलं की कळतं. साधं धोतर घ्या. निऱ्या कुठे खोचतात, कासोटा कसा मागे जातो, धनुष्य ओढताना पाय पुढे टाकला की कापड कुठे ताणतं, हे सगळं आपण घरातच पाहिलेलं असतं. जपानी चित्रकाराने ते कुठे पाहावं? वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना माणूस किती वाकतो आणि आशीर्वादाचा हात कुठे टेकतो, हेही तसंच. भारतीय ॲनिमेटरांनी जपानी सहकाऱ्यांना असले बारकावे बसून समजावले. हे काम पारदर्शक शीटवर रेषा आणि मागून रंग अशा जुन्या पद्धतीचं होतं. साडेचारशे कलाकार, सुमारे १ लाख शीट्स. निरी एकदा चुकली की पुढच्या शेकडो चित्रांत ती चूकच उतरत जाणार. १३५ मिनिटं हा राम आपल्या घरातला वाटतो, याचं श्रेय मी या समजावण्याला देते.

संगीत श्याम बेनेगलांच्या चित्रपटांचे वनराज भाटिया यांचं. संस्कृत गीतं वसंत देवांची, ज्यांनी तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेली. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरी यांचा.

स्वागताच्या बाबतीत मात्र काळ वाईट निघाला. ६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पडली आणि जानेवारी १९९३मध्ये हा चित्रपट दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. त्या वातावरणात त्याला थिएटरात म्हणावा तसा वाव मिळाला नाही. अमेरिकेत तो पुढे ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने गेला. आपल्याकडे त्याला प्रेक्षक मिळवून दिले ते कार्टून नेटवर्कने. तिथे तो पुन्हा पुन्हा लागायचा. अजस्र कुंभकर्ण आणि त्याच्या पायाशी मुंग्यांसारखी पळणारी वानरसेना ज्यांनी तेव्हा पाहिली, त्यांच्या डोळ्यांसमोरून ती हलत नाही.

साको २०१२मध्ये गेले, राम मोहन २०१९मध्ये आणि भाटिया २०२१मध्ये. मोठ्या पडद्यावरचं हे पुनरागमन तिघांनाही पाहता आलं नाही. २०२५ला तो हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत आला. राम मोहन ज्या शहरात घडले, त्या शहराची भाषा यादीत नव्हती. गीतरामायण तोंडपाठ असलेल्या आजीआजोबांच्या शेजारी बसून नातवंडांनी हा चित्रपट मराठीत पाहावा, असं मला फार वाटतं.