सिदी बूझिदच्या ठिणगीआधीचा ट्युनिशिया

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बूझिद येथे पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी मोहम्मद बुअझिझी या २६ वर्षांच्या फळविक्रेत्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला. तक्रार घेऊन तो गव्हर्नरच्या कार्यालयात गेला, पण तेथे त्याला कोणी दाद दिली नाही; थोड्याच वेळात त्याने त्या इमारतीसमोर स्वतःला पेटवून घेतले. ४ जानेवारी २०११ रोजी त्याचा मृत्यू झाला आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, २३ वर्षे सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष झिने अल-अबिदिन बेन अली सौदी अरेबियात पळून गेले. पुढे इजिप्त, लिबिया, येमेन, सीरिया आणि बहारीनपर्यंत पसरलेल्या या उठावांना ‘अरब स्प्रिंग’ हे नाव मिळाले.

ही क्रांती समाजमाध्यमांनी घडवली, असे तेव्हा जगभर लिहिले गेले. मोबाइलवर टिपलेल्या दृश्यांमुळे बातमी दडपता आली नाही हे खरेच, परंतु लोक रस्त्यावर का उतरले याचे उत्तर त्या देशाच्या नकाशात आणि भाकरीच्या दरात अधिक सापडते.

१९५६ मध्ये फ्रान्सकडून स्वातंत्र्य मिळाल्यानंतर ट्युनिशियात कारखाने, पर्यटन आणि सरकारी गुंतवणूक मुख्यतः किनारपट्टीकडे वळली. पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा मोनास्तिरचे, तर १९८७ मध्ये त्यांना पदच्युत करणारे बेन अली सूसजवळचे, दोघेही किनाऱ्यावरचेच. सिदी बूझिद, कास्रिन आणि गाफ्सा या अंतर्भागातील प्रांतांच्या वाट्याला शेती, खाणी आणि बेरोजगारी आली. १९८३ च्या अखेरीस सरकारने धान्यावरील अनुदान काढून घेतल्यामुळे पावाची किंमत एकाएकी दुपटीहून अधिक झाली, तेव्हा दंगलींची सुरुवात दक्षिणेतील दुर्लक्षित भागातूनच झाली. अनेकांचे बळी गेल्यावर, ६ जानेवारी १९८४ रोजी बुर्गिबांनी दरवाढ मागे घेतली.

सर्वांत जवळचा धागा मात्र गाफ्साच्या खाणपट्ट्यात आहे, आणि माझ्या मते तो समजल्याशिवाय २०१० चा उठाव समजत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथून फॉस्फेट बाहेर जात आले आहे. १९८० च्या दशकापासून खाण कंपनीने केलेल्या पुनर्रचनेत कामगारांची संख्या निम्म्याहून अधिक घटली, आणि ज्या भागात दुसरा मोठा रोजगारच नव्हता तेथे कंपनीची नोकरभरती हा घराघराच्या जगण्याचा प्रश्न बनला. जानेवारी २००८ मध्ये अशाच एका भरतीचा निकाल लागला, तेव्हा वशिलेबाजीचा आरोप करत रेदेयेफ येथील लोक रस्त्यावर आले. बेरोजगार पदवीधर, खाण कामगारांची कुटुंबे आणि शिक्षक संघटनेचे स्थानिक कार्यकर्ते एकत्र आले आणि फॉस्फेट वाहून नेणारे रेल्वेमार्ग अडवले गेले. सुमारे सहा महिने चाललेले हे आंदोलन सरकारने गोळीबार, अटका आणि तुरुंगवासाच्या शिक्षांनी मोडून काढले. माध्यमांवर कडक नियंत्रण असल्यामुळे देशाच्या उर्वरित भागात त्याची वार्ता फारशी पोहोचली नाही, आणि हीच उणीव २०१० मध्ये भरून निघाली.

दुसरा आधार होता यूजीटीटी या कामगार महासंघाचा. फरहात हाशेद यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला होता, त्यामुळे एकपक्षीय राजवटीलाही ती पूर्णपणे मोडता आली नाही. तिचे केंद्रीय नेतृत्व बेन अलींशी जुळवून घेत राहिले, मात्र तालुक्या-जिल्ह्यांतील शाखांनी आंदोलकांना कार्यालये खुली करून दिली. १२ जानेवारी २०११ रोजी स्फॅक्स या औद्योगिक शहरात सार्वत्रिक संप झाला. दुसऱ्या दिवशी बेन अलींनी दूरचित्रवाणीवर प्रथमच बोलीभाषेत भाषण करून पाव, दूध आणि साखरेचे दर उतरवण्याचे आश्वासन दिले. १४ जानेवारीला राजधानी ट्युनिसमध्ये संप पुकारला गेला आणि गृहमंत्रालयासमोर जमलेल्या लोकांनी त्यांनाच जाण्यास सांगितले.

२०१३ मधील राजकीय हत्यांनंतर देश पुन्हा कोंडीत सापडला, तेव्हा हाच महासंघ उद्योजक संघटना, मानवाधिकार संघटना आणि वकील संघटना यांच्यासह मध्यस्थीला उभा राहिला. त्यातून जानेवारी २०१४ मधील राज्यघटनेची वाट मोकळी झाली आणि २०१५ चा नोबेल शांतता पुरस्कार या चौघांना मिळाला.