क्लास रँक न देणाऱ्या कॉलेजमधून अमेरिकेत डेंटल स्पेशालिटीसाठी अर्ज : प्रक्रिया, पात्रता, कागदपत्रे

अमेरिकेत ऑर्थो (वेडेवाकडे दात सरळ करणे), एंडो (रूट कॅनाल), पेरिओ (हिरड्या), ओरल सर्जरी (तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया) यांपैकी कुठल्याही रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या स्पेशालिटी प्रशिक्षणाला, अर्ज करा, डीन ऑफिसकडून जाणाऱ्या मूल्यांकन फॉर्ममध्ये वर्गातला क्रमांक विचारलेला असतो. हार्वर्डसारख्या पास-फेल पद्धतीच्या डेंटल स्कूलमध्ये असा क्रमांक काढतच नाहीत. महाराष्ट्रातून बीडीएस करून गेलेल्यांचीही तीच अडचण. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर गुण असतात, बॅचमध्ये कितवे आलात हे नसते.

क्रमांक नाही एवढ्या कारणाने अर्ज बाद होत नाही. घात होतो तो रकाना काहीही न लिहिता कोरा सोडल्याने. कॉलेज क्रमांक देत नाही की उमेदवाराने तो दडवला, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. पूर्वी अमेरिकेतल्या राष्ट्रीय डेंटल बोर्ड परीक्षेचे गुण तुलनेला असत. २०१२ पासून ती परीक्षा फक्त पास-फेल झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली एकत्रित बोर्ड परीक्षा, आयएनबीडीईही तशीच आहे. त्यामुळे क्रमांकाचे वजन वाढले.

आधी पात्रता. अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या मान्यताप्राप्त डेंटल स्कूलचे पदवीधर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी सहसा सगळीकडे अर्ज करू शकतात. परदेशी पदवी समकक्ष मानायची की नाही हे ती ती संस्था ठरवते. म्हणून बीडीएसवाल्यांनी पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमच्या पानावर परदेशी पदवीधर घेतात का, टोफेल लागते का आणि आधी अमेरिकन डीडीएस किंवा डीएमडी (तिथली दंतवैद्यकाची पदवी) हवी का, हे तपासावे. ती पदवी हवी असेल तर वाट निराळी : कॅपिड या सामायिक अर्जसेवेमार्फत अॅडव्हान्स्ड स्टँडिंगला (परदेशी दंतवैद्यांसाठीचा कमी मुदतीचा पदवी अभ्यासक्रम) प्रवेश, त्यात साधारण दोन ते तीन वर्षे, आणि मग स्पेशालिटी.

बहुतेक प्रोग्रॅम अमेरिकन डेंटल शिक्षण संघटनेच्या ‘एडीईए पास’ या सामायिक पोर्टलवरून अर्ज घेतात. ते मे महिन्यात उघडते आणि काही मुदती लवकरच संपू लागतात. अर्जाआधी डेंटपिन हा वैयक्तिक ओळख क्रमांक काढावा लागतो. परीक्षांनाही तोच क्रमांक चालतो. आपल्याकडच्यांची पहिली गडबड इथेच होते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव. पासपोर्टवर मांडणी वेगळी. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर तिसरेच. पासपोर्टवर आहे तेच नाव सगळीकडे भरा आणि जुने नाव ‘इतर नावे’ या रकान्यात द्या. नाही तर ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाचा अधिकृत गुणतक्ता) पोचूनही अर्जाला जोडली जात नाही.

बीडीएसची ट्रान्स्क्रिप्ट ईसीई किंवा डब्ल्यूईएससारख्या परदेशी पदव्यांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. अहवाल कोर्स-बाय-कोर्स प्रकारचाच मागवा. स्वस्तातला सर्वसाधारण अहवाल फक्त पदवीची समकक्षता सांगतो, विषयवार ग्रेड देत नाही. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मिळणे आणि पुढचे मूल्यांकन या दोन्हींना आठवडे जातात. जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात केली तर मे गाठता येतो.

आता मुख्य काम, डीन ऑफिसचे. फॉर्म पाठवण्याआधी भेट घ्या किंवा ईमेल करा आणि तीन गोष्टी स्पष्ट मागा. ‘आमची संस्था कोणत्याही विद्यार्थ्याला वर्गक्रमांक देत नाही’ हे वाक्य लेटरहेडवरच्या पत्रात हवे. ग्रेडिंगची पद्धत दोन-तीन ओळींत हवी : पास, ऑनर्स यांचा अर्थ काय, ऑनर्स किती जणांना मिळते. क्रमांक नसला तरी वरची चतुर्थांश किंवा वरची तृतीयांश अशी विभागणी कॉलेज देत असेल तर तीही. बीडीएसवाल्यांनी पत्रात उत्तीर्णतेची मर्यादा ५० टक्के आणि डिस्टिंक्शन ७५ टक्क्यांना, हेही लिहून घ्यावे. ९० टक्क्यांची सवय असलेल्या वाचकाला ६८ टक्के कमी वाटतात. क्लार्कने रकाना भरायचा म्हणून ‘०’ किंवा ‘१’ टाकू नये, हे आधीच सांगून ठेवा. मित्रांचे गुण जमवून स्वतःच क्रमांक काढणे किंवा सीव्हीत ‘टॉप १० टक्के’ लिहिणे तर मुळीच नको. डीनच्या पत्राशी ते जुळले नाही की अख्ख्या अर्जावरचा विश्वास उडतो.

तुलनेसाठी आकडा हवाच असेल तर एडाट ही स्पेशालिटी प्रवेशासाठीची परीक्षा द्या. त्यात २०० प्रश्न असतात : बायोमेडिकल ८०, क्लिनिकल ६०, संशोधन व पुराव्यांचे विश्लेषण ६०. गुण २०० ते ८०० या पट्टीवर मिळतात. सगळे प्रोग्रॅम ही परीक्षा मागत नाहीत, पण क्रमांक नसलेल्याने ऐच्छिक असली तरी द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओरल सर्जरीला मात्र एडाट नाही, एनबीएमई या अमेरिकन वैद्यकीय परीक्षा मंडळाची सीबीएसई (मूलभूत वैद्यकीय विज्ञानांची परीक्षा; आपल्याकडचे शालेय बोर्ड नव्हे) लागते. ती वर्षातून मोजक्याच तारखांना असते, म्हणून नोंदणीची तारीख आधीच टिपून ठेवा.

शिफारसपत्रांत कौतुकापेक्षा तुलना कामाची. ‘हुशार आणि मेहनती’ यातून काही कळत नाही. ‘मी शिकवलेल्या विद्यार्थ्यांमध्ये रूट कॅनालच्या कामात वरच्या चार-पाचांत’ हे वाक्य क्रमांकाची उणीव भरून काढते. प्राध्यापकांना मोकळेपणाने सांगा की आमच्याकडे रँक नाही, तुलना लिहिता आली तर लिहा. पोर्टलवर पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण करा. न सोडल्यास पत्र कितपत मोकळेपणाने लिहिले असेल, अशी शंका घेतली जाते. निबंधात रँक का नाही याचे स्पष्टीकरण देत बसू नका, ते काम डीनच्या पत्राचे.

अर्ज पाठवला म्हणजे मॅचची, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीयाद्या जुळवून जागा देण्याच्या पद्धतीची, नोंदणी झाली असे नव्हे. नॅशनल मॅचिंग सर्व्हिसेसकडे वेगळी नोंदणी आणि वेगळी फी असते. ऑर्थो, पेरिओ, प्रोस्थो (कृत्रिम दात) मॅचच्या पहिल्या टप्प्यात येतात. पीडो (मुलांचे दात) आणि ओरल सर्जरी दुसऱ्यात. मुलाखतीनंतर पसंतीची यादी मुदतीत भरून प्रमाणित केली नाही, तर मुलाखत कितीही चांगली झाली असली तरी जागा मिळत नाही.