आखूड दात: लपलेला की झिजलेला?

हसलं की दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसतात म्हणून ओठांवर हात धरणारी कॉलेजातली मुलगी आणि दाढेवरची कॅप तिसऱ्यांदा निघाली म्हणून ती कागदाच्या पुडीत बांधून आणणारे साठीतले शेतकरी. लातूर, परभणी, बीड, कुठल्याही गावच्या दवाखान्यात ही दोन माणसं भेटतात. दोघांची अडचण एकच, दात आखूड आहे. पण मुलीच्या दाताची उंची पूर्ण असते, ती फक्त हिरडीखाली झाकलेली असते. शेतकऱ्याच्या दाढेची उंची खरोखरच संपलेली असते. हा फरक तपासल्याशिवाय कुणी हिरडी कापायला निघालं, तर त्याला थांबवण्याचा हक्क पेशंटला आहे.

तपासणं अवघड नाही. वरच्या पुढच्या मधल्या दाताचा पांढरा भाग साधारण 10 ते 11 मिलिमीटर उंच असतो आणि त्याची रुंदी उंचीच्या 75 ते 80 टक्के असते. दात जवळजवळ चौकोनी दिसत असेल, तर डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेतून आत घालून एनॅमल कुठं संपतं ते शोधतात. दिसणारा दात साडेसात मिलिमीटर आणि एनॅमल आणखी तीन मिलिमीटर आत गेलेलं असेल, तर दात लहान नाही, हिरडी जास्त आहे.

हिरडी जास्त का राहते? दात उगवून वर आला की हिरडी काही वर्षं हळूहळू मागे सरकत जाते. काहींच्या बाबतीत हे सरकणं मध्येच थांबतं. किशोरवयात ते अजून चालू असू शकतं, म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीवर घाईनं शस्त्रक्रिया करू नये. काही औषधांनीही हिरडी वाढते: फिटसाठीचं फेनिटॉइन, किडनी बदललेल्यांना देतात ते सायक्लोस्पोरिन आणि घरोघरी पोचलेली रक्तदाबाची अम्लोडिपिन. गोळी मनानं बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांनाच पर्याय विचारा. आणि कीटण साचून हिरडी नुसती सुजली असेल, तर नीट सफाईनंतर ती उतरते, कापावी लागतच नाही.

झिजलेल्या दाताची गोष्ट मराठवाड्यात जास्त ऐकायला मिळते. झोपेत दात खाण्याची सवय, आंबट ढेकरांतून तोंडात येणारं आम्ल, वर्षानुवर्षं मिश्री किंवा राखुंडी घासणं, ही सगळी झीज करणारी कारणं. त्यात बोअरचं पाणी. नांदेड आणि बीड जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. दात हाडात तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण पहिल्या आठ वर्षांत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं की एनॅमल सच्छिद्र बनतं. सौम्य असेल तर पांढरे पट्टे येतात, तीव्र असेल तर तपकिरी डाग पडतात आणि एनॅमलचे टवके उडतात. एकदा गेलेलं एनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही.

आता मुख्य मुद्दा. हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते, चिकटलेली असते. हाडाच्या काठापासून वर आधी तंतूंची जोडणी आणि तिच्यावर पेशींच्या पातळ थराची जोडणी. 1961 साली गार्जिउलो, वेंट्झ आणि ऑर्बन या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या जबड्यांवर हे मोजलं: तंतूंची जोडणी सरासरी 1.07 मिलिमीटर, पेशींची 0.97. दोन्ही मिळून जेमतेम दोन मिलिमीटर. प्रत्येक माणसात, प्रत्येक दातापाशी हा आकडा थोडा बदलतो, पण तेवढी जागा शरीर सोडत नाही. तोंडातले जंतू आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये असलेली तटबंदी तीच आहे.

कॅपची कड या जागेत घुसवली, तर हिरडी लालच राहते, ब्रश लागला की रक्त येतं आणि खालचं हाड विरघळून शरीर ती जागा परत मिळवतं. नुसती हिरडी कापून दात लांब दिसायला लावला, पण हाड एनॅमलच्या काठाला लागूनच राहिलं, तर काही महिन्यांत हिरडी पुन्हा वर चढते. पैसे गेले, दात होता तेवढाच. म्हणून ‘दहा मिनिटांत लेझरनं हिरडी कापून देतो’ ही जाहिरात पाहिली की मला काळजी वाटते. लेझर वाईट नाही. हाड योग्य अंतरावर असेल तर त्यानं काम सुरेख होतं. पण दवाखान्यात सर्रास असतो तो डायोड लेझर हाडावर चालत नाही.

हाड जवळ असेल तर भूल देऊन हिरडी बाजूला उचलतात, हाडाचा काठ कोरून हिरडीच्या किंवा कॅपच्या नव्या कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर खाली नेतात आणि टाके घालतात. यालाच क्राउन लेंग्थनिंग म्हणतात. मागच्या दाढेवर कायमची कॅप सहसा सहा-आठ आठवड्यांनी बसवता येते. पुढच्या दातांना तीन ते सहा महिने थांबावं, कारण हिरडीची रेषा तोवर स्थिरावत असते.

तुटलेल्या दाढेचा हिशेब याच्याच पुढचा. कॅप टिकते ती सिमेंटवर नव्हे, तर तिच्या कडेनं कवेत घेतलेल्या दीड-दोन मिलिमीटर शाबूत दातावर. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी सगळीकडून आवळून धरते, तशी. जोडणीची दोन, वर हिरडीच्या खाचेची अर्धा-एक आणि कॅपला धरायला दोन, म्हणजे हाडाच्या वर साडेचार-पाच मिलिमीटर दात हवा. तेवढा नसेल तर रूट कॅनालवर खर्च करण्याआधीच हे बोलून घ्यायला हवं. नंतर ‘दात वाचणार नाही’ असं ऐकणं फार वाईट.

हाड कोरण्यालाही मर्यादा आहे. मुळं आखूड असतील तर दात हलायला लागतो. दाढेच्या मुळांचा फाटा उघडा पडला तर तिथं अन्न अडकून नवं दुखणं सुरू होतं. शेजारच्या निरोगी दाताचं हाडही थोडं द्यावं लागतं. पुढचा एकच दात तुटला असेल, तर तारेनं मूळ काही आठवड्यांत हळूहळू बाहेर ओढण्याचा मार्ग मला जास्त पटतो, शेजाऱ्याला धक्का लागत नाही. मूळच पुरेसं नसेल तर दात काढून इम्प्लांट किंवा ब्रिज.

झिजलेल्या पुढच्या दातांना कित्येकदा कापाकापीची गरजच नसते. नॉर्वेचे डॉ. डाल आणि सहकाऱ्यांनी 1975 साली एक पद्धत मांडली. फक्त पुढच्या दातांची उंची वाढवायची. मागच्या दाढा काही काळ एकमेकींना टेकत नाहीत, पण पुढचे दात हाडात किंचित आत जातात, दाढा हाडातून थोड्या बाहेर सरकतात आणि काही महिन्यांत चावा पुन्हा जुळतो. आज हे काम दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटनं, दात जवळजवळ न घासता करता येतं. टवका उडाला तर दुरुस्त होतं. मात्र दात खाण्याची सवय असेल तर रात्री दातांवर प्लॅस्टिकचा गार्ड लावावाच लागतो. हिरडी दिसण्याचं कारण वरचा जबडाच लांब असणं हे असेल, तर दातांवर काहीही करून फरक पडत नाही. तिथं जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर मिश्री, तंबाखू आणि गुटखा आधीपासून बंद हवेत, नाहीतर जखम भरत नाही. साखर तपासून घ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. खासगीतला खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि दाताची उंची आणि हाडाचं अंतर किती भरलं ते आकड्यात विचारून कागदावर लिहून घ्या.